पासिंगचे आकडे गाडीमालकाच्या हाती द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील सर्व मोटार वाहन निरीक्षक

विषय : वाहनांच्या योग्यता तपासणीत काय पाहिले जाते आणि काय आढळले, ते वाहनधारकाला लेखी मिळण्याबाबत

महोदय,

पिवळ्या नंबरप्लेटची प्रत्येक गाडी, मग ती टुरिस्ट कार असो, आंब्याच्या पेट्या वाहणारा पिकअप असो की चिऱ्यांचा ट्रक, ठरलेल्या मुदतीत पासिंगला न्यावीच लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र नसेल तर अशा गाडीची नोंदणीही वैध धरली जात नाही. प्रमाणपत्राची मुदत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ ठरवतो. नव्या गाडीला पहिली दोन वर्षे मिळतात, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. २०१८ च्या दुरुस्तीपूर्वी पहिली दोन वर्षे सरली की लगेच दरवर्षी पासिंग करावे लागे. म्हणजे आता दोन तपासण्यांमधले अंतर वाढले आहे, आणि म्हणूनच प्रत्येक तपासणीचे मोलही वाढले आहे.

तक्रार साधी आहे. तपासणीत नेमके काय पाहतात, कोणत्या मर्यादेपर्यंत चालते आणि आपल्या गाडीत काय आढळले, हे गाडीमालकाला लेखी कळत नाही. त्यामुळे पासिंगची तयारी म्हणजे बॉडीला रंग, नवी रिफ्लेक्टर पट्टी आणि कागदांची फाइल असा समज रूढ झाला आहे. ब्रेकचा पाइप, स्टीअरिंगचा प्ले, टायरची खोली यांचा विचार त्या तयारीत शेवटी येतो किंवा येतच नाही. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या, घाट, खाडी आणि पावसाच्या रत्नागिरी जिल्ह्यात हे परवडणारे नाही. म्हणून तपासणीतील एकेक बाब, तिच्यातील उणीव आणि त्याबाबतची विनंती पुढे क्रमाने मांडली आहे.

पहिली बाब गाडीच्या ओळखीची. नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पी.यू.सी., कराची पावती आणि परवाना पाहिला जातो आणि चासीवर कोरलेला क्रमांक नोंदीशी ताडला जातो. त्यासाठी क्रमांकाच्या जागी कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडतात. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हीच जागा खाऱ्या हवेने गंजते. ठसा उमटत नाही म्हणून मालक ती पॉलिशपेपरने घासतो, अंक आणखी पुसट होतात आणि खाडाखोडीचा संशय त्याच्यावरच येतो. या जागेवर वर्षातून दोनदा ग्रीसचा पातळ हात फिरवला तर हा प्रश्नच उभा राहत नाही. इतकी साधी सूचना अर्जासोबतच्या माहितीत छापावी, ही पहिली विनंती.

दुसरी बाब दिव्यांची. हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर हे सारे नियम ६२ मधील तपासणीच्या यादीत आहे. बल्ब पेटतो का, हे कोणालाही दिसते. खरी तपासणी झोताची असते. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालत असल्याने डिपरचा झोत खाली आणि किंचित डावीकडे पडायला हवा, म्हणजे रस्त्याची कड दिसते आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. पासिंगला पिकअप रिकामा येतो. एप्रिल-मेमध्ये हाच पिकअप पेट्यांनी भरून रात्री वाशीच्या बाजाराकडे निघतो तेव्हा मागचे पाटे दबतात, गाडीचे तोंड वर उचलले जाते आणि डिपरचा झोत समोरून घाट चढणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. मालाच्या गाडीचा झोत लावताना हा फरक धरायला हवा. मालकाला तो कोणीतरी सांगायला हवा, आणि सांगण्याची योग्य जागा तपासणीचे मैदान हीच आहे.

तिसरी बाब काच, वायपर आणि आरसे यांची. नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कडक आदेश दिले, त्यामुळे हा नियम लोकांना ठाऊक आहे. वायपरचे तसे नाही. कोरड्या काचेवर वायपर फिरला की तो पास धरला जातो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. नोव्हेंबरमध्ये पास झालेल्या वायपरचे रबर वैशाखाच्या उन्हात कडक होते आणि पहिल्या जोरदार सरीत काचेवर पाण्याचे पट्टे सोडू लागते. वायपर काच ओली करून तपासावा. शिवाय किनारी जिल्ह्यांत दर मे महिन्यात वायपर, टायर, ब्रेक आणि दिवे यांची ऐच्छिक, विनाशुल्क पाहणी ठेवावी. ती पासिंगशी जोडू नये आणि तिच्यात दंड नसावा, म्हणजे लोक भीती न बाळगता गाड्या आणतील.

चौथी बाब हॉर्न, सायलेन्सर आणि धूर यांची. कर्कश किंवा अनेक सुरांचा हॉर्न आणि फुटका सायलेन्सर तपासणीत नापास होतो. धुराच्या मर्यादा गाडीच्या पिढीनुसार ठरतात. भारत स्टेज ४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराच्या घनतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके आहे, स्टेज ४ च्या गाडीला ५०. स्टेज ४ च्या पेट्रोल कारला एका जागी उभ्या, रिकाम्या चालणाऱ्या इंजिनात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत २०० भाग एवढीच मुभा आहे. या चाचणीत एक गोष्ट चांगली आहे. पी.यू.सी.च्या कागदावर मर्यादा छापलेली असते आणि तिच्या शेजारी गाडीचे प्रत्यक्ष मोजमापही. मागच्या वेळी ३५ असलेला आकडा या वेळी ४८ झाला, तर गाडी पास होऊनही मालकाला कळते की इंजिनाकडे बघायला हवे. धुराबाबत जे सहज जमते, ते ब्रेकबाबत का जमू नये, हाच या पत्राचा मुख्य प्रश्न आहे.

पाचवी बाब ब्रेक. महाराष्ट्रात ब्रेक चाचणीला आज जी शिस्त आहे, तिच्यामागे न्यायालयीन लढा आहे. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात २०१३ साली केलेल्या जनहित याचिकेतून हे प्रकरण पुढे आले, आणि २५० मीटर लांबीच्या चाचणी मार्गावर गाडी प्रत्यक्ष चालवून, ब्रेक लावून पाहिल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये, असा आग्रह न्यायालयाने धरला. एका नागरिकाच्या चिकाटीमुळे राज्यातील तपासणी जागच्या जागी नजर फिरवण्यापुरती उरली नाही, याची नोंद कृतज्ञतेने घ्यायला हवी.

मार्गावरच्या चाचणीत गाडी किती अंतरात थांबते आणि थांबताना एका बाजूला ओढते का, हे दिसते. यंत्रावर याहून बारकाईने पाहता येते. एका आसाची दोन्ही चाके फिरत्या रोलरांवर ठेवतात, चालक पेडल दाबतो आणि प्रत्येक चाकाची ब्रेकची ताकद स्वतंत्र मोजली जाते. डावे चाक घट्ट धरते आणि उजवे ढिले, हा दोष रस्त्यावर अंदाजाने कळतो, रोलरवर आकड्यात दिसतो. अशी गाडी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावताच फिरते, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

तरीही या दोन्ही चाचण्या थंड ब्रेकच्या आहेत. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरताना चालक मोठा गिअर ठेवून नुसत्या ब्रेकवर गाडी धरतो, तेव्हा लायनर आणि डिस्क तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ दर्जाचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल थेट तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही. कोकणच्या दमट हवेत जुने ऑइल हा म्हणूनच मोठा धोका आहे, आणि नियम ६२ च्या यादीत त्याचा वेगळा उल्लेख नाही. ऑइलमधला ओलावा दाखवणारे पेनाएवढे साधन बाजारात मिळते आणि तपासणीला मिनिटभरही लागत नाही. घाटात धावणाऱ्या प्रवासी गाड्यांसाठी ही तपासणी सुरू करावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

सहावी बाब स्टीअरिंग. नियम ९८ नुसार स्टीअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे चाके हलू लागण्याआधी स्टीअरिंग नुसतेच जेवढे फिरते, तेवढ्याला ही मर्यादा आहे. ऐकायला हा कोन लहान वाटतो. चाळीस सेंटीमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर तो कडेने मोजला तर सुमारे साडेदहा सेंटीमीटर भरतो. परशुराम घाटाच्या वळणावर एवढे स्टीअरिंग वाया जाणे म्हणजे गाडी उशिरा वळणे. २९ अंशांची गाडी आणि ५ अंशांची गाडी या दोन्ही आज सारख्याच पास होतात. मालकाला २९ चा आकडा लिहून मिळाला तर तो त्याच आठवड्यात टाय रॉड आणि बॉल जॉइंट बदलून घेईल. नुसते ‘पास’ कळले तर पुढच्या तपासणीपर्यंत स्वस्थ बसेल.

सातवी बाब टायर. नियम ९४ नुसार दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर गाड्यांची किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. टायरच्या खाचांत आडवे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की टायर संपला, असे समजावे. त्यांची जागा टायरच्या बाजूवर लहान त्रिकोणाने किंवा रोमन लिपीतील तीन अक्षरांनी दाखवलेली असते. ही खूण अनेक चालकांनी कधी पाहिलेली नसते. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढवायचे आणि नंतर उतरवायचे, हा प्रकारही सर्वश्रुत आहे. त्याला आळा घालायचा तर तपासणीच्या वेळी टायरवरचे क्रमांक नोंदवावेत आणि रस्त्यावरच्या तपासणीत त्यांच्याशी ताळा घ्यावा.

आठवी बाब गाडीच्या खालच्या भागाची, आणि किनारी जिल्ह्यात ती सर्वांत महत्त्वाची. मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणाऱ्या गाडीतून बर्फाचे खारे पाणी सतत गळत असते. ते चासीच्या सांध्यांत, पाट्यांच्या शॅकलमध्ये आणि ब्रेकच्या पोलादी पाइपांवर साचते. वरून नवा रंग मारलेल्या गाडीखाली वाकून पाहिले तर पाइपावर तांबूस पापुद्रे दिसतात. नखाने ते खरवडले की खाली खळगे लागतात, आणि जोरात ब्रेक मारताना पाइप फुटतो तो अशाच खळग्यात. हे पाहायला निरीक्षकाला खड्डा किंवा रॅम्प हवा, प्रखर दिवा हवा आणि लहान हातोडा हवा. ज्या ठिकाणी गाडी उचलण्याची किंवा खड्ड्यावर घेण्याची सोय नाही, तिथे निरीक्षकाने भर पावसात चिखलात झोपून चासी पाहावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. इथे तक्रार निरीक्षकांविरुद्ध नाही, त्यांच्या वतीने आहे. रत्नागिरीसह सर्व किनारी जिल्ह्यांच्या तपासणी मैदानांवर खड्डा किंवा रॅम्प असावा आणि गंजाचा रकाना तपासणी पत्रकात स्वतंत्र असावा.

नववी बाब वाहतुकीच्या गाड्यांच्या खास साधनांची. बस आणि ट्रक यांच्यासाठी वेगमर्यादा यंत्र ताशी ८० किलोमीटरवर, तर शाळेच्या बस, टँकर आणि डंपर यांच्यासाठी ताशी ६० किलोमीटरवर बांधलेले असते. प्रवासी गाड्यांसाठी १ जानेवारी २०१९ पासून मागोवा यंत्र आणि आणीबाणीचे बटण यांची तरतूद आली. ही साधने बसवलेली आहेत का, एवढ्यावर तपासणी थांबू नये. आणीबाणीचे बटण दाबून पाहावे आणि इशारा पोचतो का, ते निरीक्षकासमोरच सिद्ध व्हावे. अग्निशामक नळकांड्याची मुदतही त्याच वेळी पाहावी.

दहावी बाब निकालाची. प्रमाणपत्र नाकारले तर त्याची कारणे मालकाला लेखी द्यावीत, असे कलम ५६ मध्येच स्पष्ट म्हटले आहे. या निर्णयावर ३० दिवसांत अपील करण्याचा हक्क कलम ५७ देते. पण ‘हे एवढे करून आणा’ असे तोंडी सांगून गाडी परत पाठवली, तर ना कारण कागदावर येते, ना अपिलाला आधार राहतो. मग मालक कारण विचारायला एजंटाकडे जातो आणि तपासणीची माहिती ही विकत घेण्याची वस्तू होते. माहिती उघड्यावर ठेवली तर हा बाजार आपोआप आटेल.

इतर देशांतली रीत इथे उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपासून अशी चाचणी सुरू झाली आणि १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाडीला लागू झाली. तेव्हापासून तिथे खासगी कारही दरवर्षी तपासली जाते. तिथल्या निकालात दोषांच्या पायऱ्या असतात. धोकादायक आणि गंभीर दोषाला गाडी नापास होते. किरकोळ दोष असेल तर गाडी पास होते, पण दोष लिहून मिळतो. आज ठीक असलेल्या, मात्र लवकरच बिघडणाऱ्या भागाबद्दल सल्लाही नोंदवतात. गाडीचा नंबर टाकून तिच्या जुन्या चाचण्यांचा इतिहास कोणालाही पाहता येतो. जुनी गाडी घेणाऱ्या सामान्य माणसाला याहून मोठा आधार नाही.

आपल्याकडे पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी कारची गोष्ट वेगळी आहे. तिची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. या काळात पी.यू.सी. सोडली तर कोणतीही सक्तीची तपासणी नाही. १५ वर्षांनंतर गाडी तपासून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. जर्मनी आणि जपानमध्ये नव्या खासगी कारची पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून कुटुंबाने भरून येणाऱ्या कारचे ब्रेक सरकारी नजरेखालून पंधरा वर्षे जात नाहीत, ही गोष्ट मुंबई-गोवा महामार्गावरच्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेची आहे. सक्तीचा कायदा करणे केंद्राच्या हाती असले, तरी ऐच्छिक तपासणीची दारे राज्याला आजही उघडता येतील.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ५६ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांची तरतूद आली आणि २०२१ साली त्यांचे नियम झाले. रोलर ब्रेक टेस्टर, साइड स्लिप, सस्पेन्शन, हेडलाइट, स्पीडोमीटर आणि धूर यांची यंत्रे तिथे आकडे देतात. ही दिशा योग्य आहे. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. यंत्राला गंज दिसत नाही आणि पापुद्र्याखालचा खळगा कळत नाही, म्हणून निरीक्षकाची अनुभवी नजर यंत्रासोबत राहिलीच पाहिजे. आणि केंद्र जिल्ह्यात एकच असेल तर दापोली, मंडणगडच्या रिक्षावाल्याचा संपूर्ण दिवसाचा धंदा बुडतो. वेळ आधी ठरवून देणे आणि तालुक्यांसाठी फिरते पथक ठेवणे, हे दोन उपाय त्यावर करता येतील.

एवढ्या सगळ्यातून मूळ मागण्या तीनच उरतात. नियम ६२ ची संपूर्ण यादी तिच्या मर्यादांसह सोप्या मराठीत प्रत्येक परिवहन कार्यालयाच्या आवारात ठळक लावावी. प्रत्येक तपासणीनंतर, गाडी पास असो वा नापास, ब्रेक, स्टीअरिंग, टायर, झोत आणि गंज यांची मोजमापे असलेले पत्रक मालकाला द्यावे. आणि किनारी जिल्ह्यांत पावसाळ्याआधीची ऐच्छिक तपासणी यंदाच्या मे महिन्यापासून सुरू करावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. कारण न देता नाकारू नये, एवढे कायदा आजच सांगतो. आकडे देऊन पास करावे, एवढीच त्यात भर घालायची आहे.

निरीक्षकाची नजर गाडीवर वर्षा-दोन वर्षांतून एकदा पडते आणि मालकाची रोज. मालकाला काय बघायचे ते कळले, तर उरलेले सगळे दिवस तो स्वतःच निरीक्षक होईल. या विनंतीचा विचार लवकर व्हावा.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाहनधारक, रत्नागिरी